निरोगी क्रमांक चार

बशीतली गाठ मेली आणि डॉक्टर कालिंदी खराडेचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही.

खरं तर गाठ मेली म्हटल्यावर माणसानं पेढे वाटावेत. त्यातून सख्ख्या बहिणीची गाठ! पण कालिंदी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढायची, खिडकीपर्यंत जायची, परत यायची आणि पुन्हा डोळा लावायची. प्रयोगाच्या बशीतल्या चोविसाव्या खणातल्या पेशींचा पार भुगा झाला होता. शेजारच्या तेविसाव्या खणातल्या मात्र मजेत होत्या. आणि अक्काला गेले दोन महिने जे औषध चालू होतं, ते नेमकं तेविसाव्या खणात होतं.

"नसीमाताई, जरा हे बघा. माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा बसेना."

नसीमा मुजावर म्हणजे प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जुन्या बाई. संस्थेत पहिली खुर्ची आली त्याच्या आधी त्या आलेल्या, असं सगळे गमतीनं म्हणत. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि वाकून पाहिलं.

"मेल्यात की सगळ्या. साफ." मग त्या सरळ झाल्या. "पण मॅडम, चोवीस नंबरची गोळी चाळणीनं नको म्हणून सांगितलेली ना?"

"तेच तर!"

चाळण म्हणजे मिरजेच्या या संस्थेनं तयार केलेलं यंत्र. कालिंदीनं केलेलं म्हटलं तरी चालेल, कारण एकोणीस वर्षं तिनं दुसरं काही केलंच नव्हतं. एकाच नावाच्या कॅन्सरचे दहा रोगी असले, तरी दहाजणांच्या गाठी दहा वाटांनी बिघडलेल्या असतात. सगळ्यांना एकच औषध देणं म्हणजे अंधारात दगड मारणं. म्हणून आता, २०४३ साली, चाळीस रुग्णालयांतून गाठीचा कण चाळणीकडे यायचा आणि तीन तासांत उत्तर जायचं: या माणसाच्या या गाठीला ही गोळी द्या, ती देऊ नका.

यंत्राची युक्ती तशी सोपी होती. आपल्या प्रत्येक पेशीत तीन अब्ज अक्षरांची एक पोथी असते. तुमची पोथी शेजाऱ्याच्या पोथीशी ताडून पाहिली, तर लाखो ठिकाणी अक्षरं वेगळी निघतील, आणि त्यानं तुमचंही काही बिघडत नाही आणि शेजाऱ्याचंही. मग गाठ ज्या एखाद-दुसऱ्या अक्षरामुळे झाली, ते अक्षर हुडकायचं कसं? तर ठणठणीत माणसांचं रक्त घ्यायचं. जो फरक ठणठणीत माणसातही दिसतो तो रोगाचा नव्हे, म्हणून तो चाळून बाजूला टाकायचा आणि उरेल तेवढ्याकडेच बघायचं. परदेशी यंत्रांत तिकडच्या लोकांचं रक्त होतं, त्यामुळे आपल्याकडच्या माणसांचे साधे फरकही त्यांना रोग वाटायचे. कालिंदीनं हट्टानं आपल्या भागातल्या बाराशे निरोगी माणसांच्या रक्तावर ही चाळण उभी केली. तिचं नाव झालं ते यामुळेच.

त्या चाळणीनं अक्काच्या गाठीबद्दल सांगितलं होतं की जन्मजात दोष नाही, नेहमीचं औषध द्यावं. नेहमीचं औषध दिलं, तर अंडाशयातली गाठ तसूभर हलली नाही. अक्काचे केस तेवढे गेले. नियमाप्रमाणे चाळणीनं नाकारलेली औषधं बशीत लावून बघायची नसतात, पण स्वस्थ बसणं हा कालिंदीचा पिंडच नव्हता. तिनं अक्काच्या गाठीचे कण बशीत वाढवले, त्यांच्या छोट्या छोट्या गाठी केल्या आणि अठ्ठेचाळीस खणांत अठ्ठेचाळीस औषधं स्वतःच्या हातानं घातली.

आता ही चोवीस नंबरची गोळी काय करते ते सांगायला हवं. पेशीतली पोथी रोज कुठं ना कुठं फाटते आणि ती सांधायला दोन कारागीर असतात. पहिल्या कारागिराची एक प्रत आपल्याला आईकडून मिळते, एक वडिलांकडून. एक मोडकी मिळाली तरी दुसरीवर निभतं. पण एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही मोडली, की तिथं गाठ धरते आणि ती गाठ सगळा भार दुसऱ्या कारागिरावर टाकून जगते. चोवीस नंबरची गोळी या दुसऱ्याचे हात बांधते. निरोगी पेशींना काही होत नाही, गाठ मात्र मरते. म्हणजे ज्या अर्थी गाठ मेली, त्या अर्थी अक्काचा पहिला कारागीर मोडका होता. आणि चाळण म्हणत होती, धडधाकट आहे.

दोघांतलं एक खोटं बोलत होतं, आणि बशीला काही खोटं बोलता येत नाही.

कालिंदीनं यंत्राचा निष्कर्ष बाजूला ठेवला आणि आतली कच्ची नोंद उघडली. अर्ध्या तासानं तिला ती ओळ सापडली. पहिल्या कारागिराच्या जनुकात, जगातल्या कुठल्याही यादीत नसलेला एक फरक होता. त्याच्यापुढं चाळणीनं लिहिलं होतं: 'निरोगी व्यक्तीत आढळला. वगळला. संदर्भ: निरोगी क्रमांक ४.'

"रजिस्टर काढू का?" नसीमाताई म्हणाल्या. "नंबर कोणाचा ते बघायला."

"कशाला?" कालिंदीचा आवाज तिचा तिलाच परका वाटला. "पहिला मगदूमसरांचा. दुसरा तुमचा. तिसरा बाबू कोळी वॉचमनचा. मी हात मागं घेत होते, तेव्हा तुम्हीच धरून ठेवलात की. चौथा माझा."

तो खंडेनवमीचा दिवस होता. पहिलं यंत्र खोक्यातून नुकतंच बाहेर आलेलं. मगदूमसरांनी नारळ फोडला, यंत्राला झेंडूची माळ घातली आणि कोणीतरी म्हणालं, "नैवेद्य काय दाखवायचा?" "आपलंच रक्त दाखवू!" असं कालिंदीच म्हणाली होती. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती आणि तिची जीभ फार चालायची. हसत हसत बाराजणांनी बाह्या वर केल्या. तेच चाळणीतलं पहिलं निरोगी रक्त. पुढं ती रीतच पडली. दर खंडेनवमीला नवा आलेला माणूस एक नळी रक्त द्यायचा आणि मग सगळे जिलेबी खायचे.

फॉर्म मात्र सगळ्यांनी रीतसर भरले होते. त्यात प्रश्न होता, 'घरात कोणाला कॅन्सर झाला आहे का?' कालिंदीनं 'नाही' लिहिलं होतं. तिची आई ती नऊ वर्षांची असताना पोटाच्या दुखण्यानं गेली होती. नंतर कितीतरी मुलाखतींत तिनं अभिमानानं सांगितलं होतं की माझ्या घरात कोणालाही हा आजार नाही, मी केवळ कुतूहलापोटी या विषयाकडे वळले.

पोटाचं दुखणं! कॅन्सरवर एकोणीस वर्षं घालवलेल्या बाईनं स्वतःच्या आईच्या पोटात काय दुखत होतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. कालिंदीला स्वतःची अशी लाज वाटली, की तिनं नसीमाताईंकडे पाठ फिरवली.

नसीमाताईंनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढं ठेवला. "मॅडम, मग हे तुमच्यातही आहे?"

"आहे. अजून पेटलं नाही एवढंच."

"आणि बाकीच्यांत? चाळणीनं एकतीस हजार लोकं तपासली की हो."

कालिंदीनं पाणी तसंच ठेवलं आणि ती मगदूमसरांच्या खोलीकडे निघाली.

डॉक्टर श्रेणिक मगदूम संस्थेचे संचालक. माणूस भला, पण गेला महिनाभर त्यांच्या पायाला भिंगरी होती. आठ दिवसांनी दिल्लीची समिती यायची होती आणि चाळण देशभर जायची होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोनदा उठले, दोनदा बसले.

"तुझ्या बहिणीला गोळी आजच लिहून दे. सही मी करतो," ते म्हणाले. "आणि क्रमांक चार काढून टाक. नवी आवृत्ती म्हणून पाठवू. अशा आवृत्त्या आपण काय कमी काढल्या? पुढच्या सगळ्यांचं बरोबर होईल."

"आणि मागच्यांचं, सर?"

"मागच्यांचं..." त्यांनी कपाळ चोळलं. "कालिंदी, जे गेले ते गेले. जे आहेत त्यांना पुढच्या तपासणीत आपोआप कळेल."

"पुढची तपासणी सहा महिन्यांनी असते. तेवढे दिवस कोणाकडे आहेत?"

"मग मला चार दिवस दे. वकिलाशी बोलू दे. आज तू तोंड उघडलंस तर लोक चाळणीवर थुंकतील. उद्यापासून तिला हजारो रोगी विचारायचे बंद होतील, त्यांचं काय? आपण काही मुद्दाम केलंय का?"

त्यांचं म्हणणं सगळं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. आणि खरं सांगायचं तर कालिंदीलाही 'हो' म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. एकोणीस वर्षं एका रेघेनं पुसली जायची, हे कोणाला आवडेल? ती बाहेर आली, जिना उतरली, काहीतरी विसरल्यासारखी परत चढली आणि मग अक्काकडे जायला सांगलीच्या बसमध्ये जाऊन बसली. अख्ख्या वाटेत ती पर्सची चेन उघडत आणि लावत होती.

अक्का डोक्याला सुती रुमाल बांधून गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. कालिंदीहून दहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर कालिंदीच्या वेण्या घालण्यापासून कॉलेजच्या फॉर्मपर्यंत सगळं तिनंच केलं. पलंगावर साड्यांचे बॉक्स पसरलेले होते. ऋतुजाचा, म्हणजे अक्काच्या मुलीचा, साखरपुडा पुढच्या रविवारी होता.

"आलीस? बरं झालं. मोतिया रंगाची बघ गं ती, व्याह्यांना आवडंल का..."

"अक्का, आई कशानं गेली?"

"हे काय मधीच? पोटाच्या दुखण्यानं. तुला म्हाईत नाही का?"

"अक्का, खरं सांग."

अक्काचे हात थांबले. "कोण बोललं तुला?"

"तुझी गाठ बोलली."

अक्कानं एका शेंगेचा दोरा ओढला. मग म्हणाली, "आपल्या आजोळी अग्रणी नदीच्या काठाला तशा लई बायका गेल्या. पोटाच्या, नाहीतर छातीच्या. आईलाही तेच. अण्णांनी मला शपथ घातली. म्हणाले, घरात दोन पोरी, कळलं तर कोण करून घेईल? दवाखान्याची सगळी फाईल त्यांनी बंबात घातली. त्याच पाण्यानं मी तुला न्हाऊ घातलं."

कालिंदीला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "अगं, घरात हे कोणाला नाही म्हणून मी माझंच रक्त निरोगी धरून यंत्रात घातलं! आई गेली तेव्हा ठीक, पण नंतर? मी या विषयात शिकायला लागले तेव्हा तरी?"

"तेव्हा माझं लग्न झालेलं. मग ऋतुजा झाली. शपथ काय अर्ध्यात सोडायची असते?" अक्काचा आवाज चढला. "फसवलं म्हणतीस, व्हय, फसवलं! पण तू माझ्या खोट्याचं यंत्र करून बसशील हे मला काय ठाऊक?"

कालिंदीनं शेंगा बाजूला सारल्या आणि अक्काला सगळं सावकाश समजावून सांगितलं. गोळी आहे, बशीत लागू पडली आहे, उद्या सकाळीच सुरू करता येईल. अक्कानं हात जोडून डोळे मिटले. मग कालिंदीनं पुढचं सांगितलं: हा दोष चाळणीनं आणखी लोकांत झाकला असणार, आणि त्यांना ते सांगावं लागणार.

अक्कानं डोळे उघडले. "तुझं नाव पेपरात येईल."

"येईल."

"म्हंजे माझं येईल. ऋतुजाचं येईल." तिनं कालिंदीचं मनगट धरलं. "काली, एक महिना थांब. साखरपुडा, लग्न होऊ दे पोरीचं. मग काय ते सगळ्या गावाला सांग. मी तुझ्याकडं आजवर कधी काही मागितलं का?"

नव्हतं मागितलं. कधीच नाही. कालिंदी उठायला गेली आणि तशीच परत बसली.

"अक्का, महिन्याभरात तुझी गाठ केवढी वाढली असती, ते मी बशीत रोज बघते. तुला एक महिना थांबवलं असतं तर चाललं असतं?"

अक्कानं मनगट सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता कालिंदीनं चाळीस रुग्णालयांतली चाळण बंद केली. कारणाच्या जागी तिनं दोन ओळी लिहिल्या आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. पाच मिनिटांत वरच्या मजल्यावर मगदूमसरांचे फोन वाजायला लागले, ते थांबेनात. नसीमाताईंनी कालिंदीच्या दंडाला पट्टा बांधला आणि नवीन नळी भरून घेतली. या वेळी निरोगी म्हणून नाही, रोग्यांच्या रकान्यात. सोबतच्या फॉर्मवर तोच प्रश्न होता. कालिंदीनं उत्तर लिहिलं, 'आई. मोठी बहीण.' तीनच शब्द लिहायचे होते, पण पेन जड झालं होतं.

मग तिनं क्रमांक चारची ओळ पुसली आणि एकतीस हजार जुन्या नोंदी परत चाळायला लावल्या.

यंत्र दोन तास घरघरत होतं. तेवढ्यात अक्का आली. शेजारच्या इमारतीत तिची गोळी सुरू व्हायची होती, पण डॉक्टर यायला वेळ होता. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. बहिणी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

यादी आली. एकशे सहा नावं. बहुतेक पत्ते अग्रणी नदीच्या काठचे. शेकडो वर्षांपूर्वी तिथल्या कोणा एका बाईच्या पोथीत एक अक्षर बिघडलं असेल, ते लेकीसुनांतून, आजोळ-माहेरातून इथवर चालत आलं होतं.

पहिलं नाव: सुलोचना तातोबा हारगे, वय चव्वेचाळीस, तपासणी तीन वर्षांपूर्वी. कालिंदीनं टेबलावरचा फोन लावला. यादीवर खुणा करायला हात मोकळा हवा, म्हणून तिनं स्पीकर चालू केला.

"कोण बोलतंय?" पुरुषाचा आवाज होता. मागं पिठाच्या गिरणीची घरघर ऐकू येत होती.

"मी मिरजेहून डॉक्टर कालिंदी खराडे. सुलोचनाबाई आहेत का?"

गिरणी बंद झाल्याचा आवाज आला. "ती न्हाई हो बाई. संक्रांतीला दोन वर्सं झाली. मी तिचा मालक, तातोबा."

फोन इथं ठेवता आला असता. कोणी बोल लावला नसता. कालिंदीनं खुर्ची फोनजवळ ओढली.

"तातोबा, तुमच्या मालकिणीची तपासणी आमच्या यंत्रानं केली होती. ती चुकली. चूक माझी होती. त्यांना दुसरी गोळी लागू पडली असती."

मग तो म्हणाला, "म्हंजे ती वाचली असती?"

"ते नक्की सांगता येत नाही. पण आणखी काही वर्षं मिळाली असती. बहुतेक मिळाली असती."

"मग आता कशाला सांगता?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आता काय करू मी त्याचं?"

"हा दोष आईकडून मुलांत येतो. आधी कळला तर खूप काही करता येतं. तुम्हाला मुलं किती?"

"दोन पोरी."

"त्यांची तपासणी करायला हवी."

"थोरलीचं लगीन ठरलंय. वैशाखातलं." तातोबा थांबला. स्टुलावर बसलेल्या अक्कानं मान वर केली. "पाव्हण्यांच्या कानावर गेलं तर सोयरीक मोडंल, बाई."

कालिंदीनं अक्काकडे पाहिलं नाही. नसीमाताई हातातली नळी घेऊन दारातच उभ्या राहिल्या होत्या.

"मोडू दे," तातोबा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "मोडली तर मोडू दे. पोरींची आई शेवटी कशी गेली, ते मी बघितलंय. उद्या सकाळच्या गाडीनं दोघींना घिऊन येतो. किती वाजता उघडतं तुमचं?"

"आठ वाजता. मी स्वतः दारात असेन."

"असा. तुम्हाला काय बोलायचं ते मी तिथं आल्यावर बोलीन." आणि फोन बंद झाला.

कालिंदी यादीकडे बघत बसली. अजून एकशे पाच नावं होती. मागं पर्सची चेन उघडल्याचा आवाज झाला. अक्कानं आपला फोन काढला, डोळ्यांजवळ नेऊन नंबर शोधला आणि कानाला लावला.

"ऋतुजा? अगं, आहेस तिथनं मिरजेला ये. मावशीच्या लॅबमध्ये... साड्या राहू देत गं. माझं बरं आहे, गोळी सुरू करतायत... नाही, फोनवर नको. तुझी आजी कशानं गेली ते तुला सांगायचंय."

कालिंदीनं पहिल्या नावापुढं खूण केली आणि दुसरा नंबर लावला.